सकाळची पंधरा मिनिटं आणि ‘मी अडकलेय’ म्हणायची हिंमत

आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मध्यंतरी काही दिवस ती घरूनच काम करत होती. तिची अम्मी आम्हाला म्हणाली, “सर, रोज सकाळी दहाला दार लावून घेते. विचारलं तर म्हणते, स्टँडअप आहे. हे उभं राहून कसलं काम करतात?” आम्हालाही तेव्हा नीट सांगता आलं नाही. मग त्या मुलीलाच विचारलं, थोडं वाचलं. आता आपल्या घराघरांतून मुलं-मुली आयटीत जात आहेत, तेव्हा त्यांचं काम कसं चालतं हे पालकांनाही माहीत असलेलं बरं.

पूर्वी सॉफ्टवेअर इमारतीसारखं बांधायचे. आधी सगळा आराखडा, मग बांधणी, शेवटी तपासणी. ग्राहकाच्या हातात वस्तू पडेपर्यंत वर्ष-दोन वर्षं जायची आणि तो म्हणायचा, “मला हे नकोच होतं!” यात त्याचीही चूक नसते. डोळ्यांसमोर आल्याशिवाय आपल्याला काय हवंय ते कळत नाही. म्हणून तर चांगला टेलर शेरवानी आधी कच्ची शिवतो, अंगावर चढवून बघतो आणि मग पक्की शिलाई मारतो.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जाणकार जमले आणि त्यांनी हीच कच्च्या शिलाईची रीत एका छोट्या जाहीरनाम्यात मांडली. तिला ‘अजाइल’, म्हणजे चपळ, असं नाव दिलं. थोडं करा, दाखवा, ऐका, सुधारा. या विचाराने काम करण्याची सगळ्यांत चालणारी पद्धत म्हणजे ‘स्क्रम’. हा शब्द रग्बीच्या खेळातला. टीम साधारण दहा जणांची किंवा त्याहून लहान. कामाचा एक टप्पा, म्हणजे ‘स्प्रिंट’, जास्तीत जास्त एक महिन्याचा. बऱ्याच ठिकाणी दोनच आठवड्यांचा. आणि रोज पंधरा मिनिटांची बैठक. अम्मीला पडलेलं कोडं ते हेच. बैठक लांबू नये म्हणून उभ्याने घ्यायची, एवढंच त्या नावामागचं गुपित.

याचा फरक किती पडतो? अमेरिकेच्या एफबीआयचं उदाहरण बघा. तपासाच्या फायली कागदावरून संगणकावर आणायच्या होत्या. पहिला प्रयत्न २००५ मध्ये गुंडाळावा लागला, तोवर सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाले होते. २००६ मध्ये ‘सेंटिनल’ नावाने दुसरा प्रयत्न सुरू झाला. कंत्राट मोठ्या कंपनीला दिलं, तरी वेळ आणि पैसा दोन्ही हाताबाहेर जाऊ लागले. २०१० मध्ये एफबीआयने काम स्वतःकडे घेतलं, टीम बरीच लहान केली आणि दर दोन आठवड्यांनी तयार झालेला भाग दाखवायचं ठरवलं. यात जादू काही नव्हती. ऑक्टोबर २०११ च्या चाचणीत यंत्रणा दोनदा बंद पडली, नवं हार्डवेअर घ्यावं लागलं, ठरलेली तारीखही हुकली. पण बिघाड वापराआधीच उघडा पडला आणि जुलै २०१२ मध्ये सेंटिनल कर्मचाऱ्यांच्या हातात आलं.

आता मुद्द्याची गोष्ट. रोजच्या बैठकीत प्रत्येकाने साधारण तीन गोष्टी सांगायच्या असतात: काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय. पहिल्या दोन कोणीही सांगतो. टीमचा कस लागतो तो तिसरीत.

आमच्या त्या विद्यार्थिनीने सांगितलं, नोकरीच्या सुरुवातीला ती एका एररवर तीन दिवस अडकली होती. रोज बैठकीत म्हणायची, “चालू आहे.” इंग्रजीत नीट बोलता येईल का, ही धास्ती, त्यात, आपल्याला येत नाही हे कळलं तर काय म्हणतील? चौथ्या दिवशी टीम लीडने शेजारी बसून पाहिलं. एक सेटिंग राहिलं होतं. दहा मिनिटांत काम झालं. तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी बैठकीची सुरुवात त्याने स्वतःच्याच एका चुकीपासून केली. त्यानंतर तिची जीभ मोकळी झाली.

ॲमी एडमंडसन या हार्वर्डच्या संशोधक. नव्वदच्या दशकात त्यांनी रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा एक उलटीच गोष्ट दिसली. ज्या टीमचं नेतृत्व चांगलं, तिथे औषधांच्या चुकांची नोंद जास्त! छडा लावल्यावर कळलं की तिथले लोक चुका न घाबरता सांगत होते. इतर ठिकाणी त्या दबून राहत होत्या. सॉफ्टवेअरच्या टीम लीडचंही निम्मं काम हेच आहे. वाईट खबर आणणाऱ्याला तो कसं वागवतो, हे सगळे पाहत असतात. काही कंपन्यांत स्टँडअप म्हणजे नुसती हजेरी असते, साहेब यादी घेऊन उलटतपासणी करतो. तिथे चपळ नावाची पाटी असते, आणि प्रत्येकाचं सगळं ‘चालू’ असतं.

खरं सांगायचं तर ही सवय मुलं आमच्याच वर्गातून घेऊन जातात. “समजलं का?” असं आम्ही विचारतो आणि साठ मुलं एका सुरात “हो सर” म्हणतात. आम्हीही पुढच्या धड्याकडे वळतो. घरीही तेच, मार्क कमी आले की मूल पेपर लपवतं.

यंदा नववीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही पाच-पाच जणांचे गट केले. दर शनिवारी, जेवढं झालं असेल तेवढं दाखवायचं आणि कुठे अडलं तेही सांगायचं. पहिले दोन शनिवार सगळ्यांचं उत्तर एकच, “काही नाही सर.” तिसऱ्या शनिवारी आम्हीच फळ्यावर लिहिलं की तुमच्या प्रकल्पातल्या एका सर्किटची आकृती आम्ही चुकीची काढून दिली होती. वर्गात हशा झाला. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, आमचा पंप पाणी वर चढवतच नाही.” लगेच दुसऱ्या गटातली मुलगी म्हणाली, “आमचा पण नाही.” दोन्ही गट बाक जोडून बसले. नळीत हवा अडकत होती.