परीक्षेचे दिवस आणि घरांतील मंडळी

फेब्रुवारी उजाडला कीं दहावीच्या मुलामुलींच्या घरीं एक प्रकारचें दडपण पसरतें. एकत्र कुटुंबांत तर आजोबांपासून आत्यापर्यंत प्रत्येकजण मायेनेंच विचारतो, "अभ्यास कुठवर आला?" विचारणारास तो एकच प्रश्न वाटतो, मुलास तो दिवसांतून दहा वेळां ऐकावा लागतो. म्हणून ही चौकशी घरांतील एकाच वडील माणसाकडे असावी व इतरांनीं मौन पाळावें, हें बरें.

दुसरी गोष्ट जागरणाची. दिवसा वाचलेलें मनांत पक्कें होण्यास झोपच साह्य करते. शिवाय, एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानें १८८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या स्वतःवरील प्रयोगांत, एका दिवसांत ६८ वेळां घोकून जें साधलें, तेंच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनीं साधलें. तेव्हां उजळणी आधींपासून थोडी थोडी व्हावी, आणि रात्रीं दहाला दिवाणखान्यांतील टेलिव्हिजन व गप्पाही बंद व्हाव्यात. नियम एकट्या मुलालाच नको.

एखादा पेपर कठीण गेला, तर त्या संध्याकाळीं प्रश्नपत्रिका उलगडून बसूं नये. मुलास आधीं जेवूं घालावें. अनुत्तीर्णांस त्याच वर्षीं पुन्हां परीक्षा देण्याची सोय महाराष्ट्र मंडळानें २०१५ पासून केली आहे. गेलेला विषय असा सुटतो. पण भयानें मिटलेलें मन सहजासहजीं उघडत नाहीं. गुण कांहींही पडोत, आपलें घरांतील स्थान ढळणार नाहीं, हें मुलानें निकालापूर्वींच आपल्या तोंडून ऐकलेलें असावें.