पॅरिसचं पत्र : जस्ताच्या छपराखाली

पॅरिसची राखाडी-निळी, उतरती छपरं तुम्ही चित्रांत पाहिली असतील. त्यांतली बहुतेक जस्ताच्या पत्र्याची आहेत आणि ती घालणाऱ्या कारागिरांचं कसब २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. त्याच छपरांखाली, सहाव्या-सातव्या मजल्यावर, पूर्वी घरकाम करणाऱ्या बायकांच्या खोल्या असत. आज तिथे विद्यार्थी राहतात, कमी पगाराचे कामगार राहतात, एकटे म्हातारे राहतात. ९ चौरस मीटरची खोलीही कायद्याने भाड्याने देता येते. उन्हाने पत्रा तापतो, खाली इन्सुलेशन नावालाच, आणि दिवसभराची धग रात्री अंथरुणावर उतरत राहते.

या देशाला हे फार महागात पडलं आहे. ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसं दगावली. त्यांत वृद्ध सर्वाधिक. सुट्ट्यांचा महिना होता. मुलं गावाबाहेर, शेजारीही नाहीत. पॅरिसमध्ये ५७ मृतदेह न्यायला कोणीच आलं नाही. शहराच्या दफनभूमीत त्यांना पुरलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष झाक शिराक स्वतः उभे होते. नंतरच्या अभ्यासात आढळलं, की छपराला लागून असलेल्या मजल्यावर झोपणाऱ्यांना आणि इन्सुलेशन नसलेल्या घरांत राहणाऱ्यांना धोका जास्त होता. माणसं उन्हात फिरून नव्हे, घरात बसून गेली होती.

सरकार हललं. २००४ पासून उष्णतेच्या इशाऱ्यांची राष्ट्रीय योजना आहे. नगरपालिका एकट्या वृद्धांची नोंद ठेवतात, लाट आली की त्यांना फोन करतात. हे मोलाचं काम आहे. पण घरं तशीच राहिली आणि २५ जुलै २०१९ रोजी पॅरिसचा पारा ४२.६ अंशांवर गेला.

घरं तशीच का राहिली? इथे घर तपासतात ते मुख्यतः हिवाळ्याच्या हिशेबाने. भाड्याने द्यायच्या प्रत्येक घराला ऊर्जेच्या दाखल्यात श्रेणी मिळते, ए ते जी. जानेवारी २०२५ पासून जी श्रेणीचं घर नव्याने भाड्याने देता येत नाही. त्या दाखल्यात उन्हाळ्याचा एक शेरा असतो खरा, पण श्रेणी त्यावर ठरत नाही. म्हणजे थंडीत उबदार आणि जुलैमध्ये भट्टी झालेलं घर बिनदिक्कत भाड्याने जातं. दुसरा अडसर वारशाचा. ऊन काचेबाहेरच अडवलं पाहिजे. आतला पडदा लावेपर्यंत उष्णता खोलीत शिरलेली असते. पण संरक्षित भागात बाहेरून झडपा बसवायच्या, तर वारसा खात्याच्या वास्तुविशारदाचं मत घ्यावं लागतं. शहराचं रूप जपावं, हे मलाही मान्य आहे. मात्र त्याची किंमत वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने मोजावी, हे मान्य नाही.

सार्वजनिक घरांत काय करता येतं, हे पाहायला बोर्दो शहरात जावं. तिथल्या ग्राँ पार्क वसाहतीत १९६० च्या दशकातल्या तीन इमारती, ५३० घरं. अन लाकाताँ आणि झाँ-फिलिप व्हासाल या वास्तुविशारदांनी सहकाऱ्यांसह त्या पाडल्या नाहीत. प्रत्येक घराला बाहेरून जवळपास चार मीटर खोल, उघडझाप होणारी काचेची ओसरी आणि सज्जा जोडला. ऊन आधी सज्ज्यावर अडतं, मग परावर्तक पडद्यावर. सरकत्या पाट्या उघडल्या की वारा आरपार जातो. हिवाळ्यात तीच ओसरी ऊब धरते. काम चालू असताना रहिवासी तिथेच राहिले, भाडंही वाढलं नाही. पुढे, २०२१ मध्ये, या दोघांना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला.

एसीवरून इथे राजकीय पक्ष हमरीतुमरीवर आले आहेत. रुग्णालयात आणि वृद्धाश्रमात तो हवाच. घराघरांत मात्र तो सावलीनंतर यावा, कारण त्याची गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीत जाते आणि बिल ज्याला झेपत नाही तो तापतच राहतो.

मुंबई-पुण्यात सध्या जुन्या सोसायट्या पाडून नव्या बांधल्या जात आहेत. तुमच्या इमारतीचा नकाशा पुढ्यात येईल, तेव्हा चटईक्षेत्राबरोबर आणखी दोन गोष्टी बिल्डरला विचारा : पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून सावली कशी पडणार, आणि सर्वांत वरच्या स्लॅबवर उष्णता अडवायला काय घालणार? उत्तर लेखी घ्या.