अपघाताची जागा खाली उतरत असते
हिमनद्यांच्या काठाने : भाग ७

एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान २४ जानेवारी १९६६ च्या सकाळी मों ब्लांवर आदळलं. ती जागा नकाशात सापडते: तुर्नेतचे खडक, उंची ४,६७७ मीटर, माथ्यापासून थोडंच खाली. त्याच खडकांवर ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ कोसळलं होतं. दोन्ही विमानं मुंबईहून निघाली होती, दोन्ही जिनिव्हामार्गे लंडनला चालली होती. पहिल्यात ४८ माणसं गेली, दुसऱ्यात ११७. आज कुणी तुर्नेतपर्यंत चढून गेलं तर तिथे या विमानांचं फारसं काही दिसणार नाही. पण तिथून कितीतरी खाली, बोसों हिमनदीच्या कडेच्या दगडगोट्यांत चुरगळलेला पत्रा, वायरचं भेंडोळं, कापडाचा तुकडा अजूनही वर येतो.

मागच्या दोन भागांत बर्फ साठतं कसं आणि वाहतं कसं ते आपण पाहिलं. आज त्याच बोसोंच्या काठाने वर चढायचं आहे. त्याआधी ही दोन विमानं तिथे का आदळली, ते समजून घेऊ.

‘मलबार प्रिन्सेस’ हे पंख्याच्या इंजिनांचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन होतं. कैरोहून जिनिव्हाकडे येताना ते खराब हवेत सापडलं. त्यातले बहुतेक प्रवासी भारतीय खलाशी होते. इंग्लंडमध्ये बोट त्यांची वाट पाहत होती आणि त्यांना वेळेवर पोचवण्यासाठी कंपनीने विमानाचं तिकीट काढलं होतं. त्या काळी मुंबई बंदरात अशा खलाशांची भरती सतत चाले. कोकणातल्या, गोव्यातल्या, गुजरातच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांचा संसार बोटीवरच्या माणसाच्या मनिऑर्डरीवर उभा होता. समुद्रावर आयुष्य काढायला निघालेली ही माणसं आल्प्सच्या बर्फात संपली. बातमी आल्यावर मों ब्लांच्या पायथ्याच्या शामोनी गावाचे वाटाडे नोव्हेंबरच्या भुसभुशीत बर्फातून वर निघाले. त्यांतला रने पायो हा वाटाडा बर्फाच्या भेगेत गाडला जाऊन मेला. ज्यांना तो कधी भेटला नव्हता, ज्यांची भाषा त्याला येत नव्हती, त्यांच्यासाठी तो गेला होता. बोसोंची गोष्ट सांगताना त्याचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

‘कांचनजंगा’ची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे विमान शेवटपर्यंत धडधाकट उडत होतं. बैरूतहून निघताना विमानाच्या दोन व्हीओआर रिसीव्हरांपैकी एक बंद पडलेला होता. व्हीओआर म्हणजे जमिनीवरचं रेडिओ केंद्र. आपण त्याच्या कोणत्या दिशेला आहोत हे वैमानिकाला त्यावरून कळतं. अशा दोन केंद्रांच्या दिशा एकाच वेळी मिळाल्या की दोन रेघा जिथे छेदतात तिथे आपण आहोत, हे पक्कं होतं. एकच रिसीव्हर चालू असला की हाताशी एकच रेघ उरते, आणि तिच्यावर आपण नेमके कुठे आहोत हे अंदाजाने ठरवावं लागतं. वैमानिकाचा अंदाज असा झाला की मों ब्लांची धार मागे पडली. जिनिव्हाच्या नियंत्रकाने १९,००० फुटांची उंची राखायला सांगितली होती, मात्र ढगांच्या वर हजार फूट मोकळं राहून उतरता येत असेल तर उतरण्याची मुभा दिली होती. वैमानिकाने उतरायला सुरुवात केली. रडारवर नियंत्रकाला विमान अजून डोंगराच्या अलीकडे दिसत होतं. मों ब्लांला अजून पाच मैल आहेत, असं त्याने कळवलंही. पण ते ज्या शब्दांत सांगितलं गेलं त्यातून वैमानिकाला आपली चूक उमगली नाही. ‘समजलं’ म्हणून तो उतरतच राहिला.

मों ब्लांची उंची १५,७७० फुटांच्या आसपास आहे. १९,००० फुटांवरून विमान निर्धास्त पार झालं असतं. फ्रेंच चौकशीने काढलेलं कारण हे आहे.

या विमानात डॉ. होमी भाभा होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी ते व्हिएन्नाला निघाले होते, वय ५६. ट्रॉम्बेच्या ज्या केंद्राची त्यांनी उभारणी केली त्याला पुढच्याच वर्षी त्यांचं नाव देण्यात आलं. त्यांच्या मृत्यूभोवती घातपाताच्या कथा साठ वर्षं फिरत आहेत. मला त्या कथांचा त्रास होतो, आणि तो केवळ त्यांना पुरावा नाही म्हणून होत नाही. त्या कथांमध्ये विमानात एकच माणूस उरतो आणि बाकीच्या ११६ जणांची गर्दी होऊन जाते. बंद पडलेला एक रिसीव्हर, एक अर्धवट वाक्य आणि एक चुकलेला अंदाज एवढ्यानेही एवढं मोठं नुकसान होऊ शकतं, हे पचायला कठीण आहे खरं. पण विमानवाहतूक सुरक्षित झाली ती असल्या साध्या कारणांचा पिच्छा पुरवल्यामुळेच. नियंत्रकाने कोणते शब्द वापरावेत आणि वैमानिकाने ते परत कसे म्हणून दाखवावेत, याबाबत आजचे नियम एवढे काटेकोर आहेत ते उगीच नव्हे.

आता बर्फाकडे. बोसोंवर पडलेली वस्तू कधी आणि कुठे बाहेर येईल, याचं पहिलं गणित विमानांच्या कितीतरी आधी मांडलं गेलं होतं. ऑगस्ट १८२० मध्ये डॉ. हामेल या रशियन निसर्गशास्त्रज्ञाची तुकडी मों ब्लांवर चढत असताना हिमप्रपात झाला आणि तीन वाटाडे वरच्या पठाराखालच्या भेगेत गाडले गेले. स्कॉटलंडचे जेम्स डेव्हिड फोर्ब्स हे हिमनद्यांच्या वेगाची मोजणी करत. बर्फ किती वेगाने सरकतं यावरून त्यांनी भाकीत केलं की ही माणसं साधारण चाळीस वर्षांनी खाली बाहेर येतील. १८६१ च्या ऑगस्टमध्ये बोसोंच्या खालच्या टोकाशी अवशेष दिसू लागले. एक्केचाळीस वर्षं झाली होती.

हे गणित जमतं कसं? हिमनदीचा संसार जमाखर्चाचा असतो. वरच्या भागात दरवर्षी जेवढं बर्फ पडतं त्यातलं थोडंच वितळतं, म्हणजे तिथे जमा. खालच्या भागात पडतं त्याहून जास्त वितळतं, म्हणजे तिथे खर्च. जमेच्या भागात पडलेल्या वस्तूवर दर हिवाळ्यात नवा थर चढतो, त्यामुळे ती पुढे सरकता सरकता खोल जात राहते. खर्चाच्या भागात उलट होतं: दर उन्हाळ्यात वरचा थर उतरतो आणि वस्तू पृष्ठभागाच्या जवळ येते. म्हणून जी वस्तू जितकी वर पडेल, तितकी ती खोल जाते आणि तितकी खाली, तितकी उशिरा बाहेर पडते. तुर्नेत जवळजवळ माथ्यावर आहे. तिथे पडलेलं सामान बर्फाच्या तळाजवळून पूर्ण लांबी पार करतं आणि शेवटच्या टप्प्यात उजेडात येतं.

वाटेत त्याचे हाल होतात. बोसों ही आल्प्समधल्या अत्यंत उभ्या हिमनद्यांपैकी एक. उतार तुटतो तिथे बर्फाचे घरांएवढे सुळके उभे राहतात, कोसळतात, पुन्हा सांधले जातात. तळाचं बर्फ कातळावर घासत जातं. धातू चिरडून, पिळवटून निघतो. कागद मात्र टिकतो. घट्ट गुंडाळलेला, थंड, हवा न लागलेला कागद दगडाखालच्या पत्र्यापेक्षा चांगल्या स्थितीत बाहेर येतो, हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं होतं. पण उदाहरणं पाहा. २०१२ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का असलेली राजनैतिक टपालाची थैली सापडली. सेहेचाळीस वर्षांनी. आत गुपितं नव्हती, वर्तमानपत्रं वगैरे होती. ती भारतीय दूतावासाकडे सोपवली गेली. २०२० च्या जुलैमध्ये हिमनदीजवळ १,३५० मीटरवर उपाहारगृह चालवणाऱ्या माणसाला ‘नॅशनल हेरल्ड’ आणि ‘इकॉनॉमिक टाइम्स’चे अंक मिळाले. इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी त्यांवर वाचता येत होती. चोपन्न वर्षांनी. त्याने ते वाळवले आणि त्याच्याकडे आधीपासून असलेल्या वस्तूंसोबत येणाऱ्याजाणाऱ्यांना पाहता येतील असे मांडले.

हामेलच्या वाटाड्यांपेक्षा ही वर्षं जास्त आहेत, कारण ही विमानं त्या पठाराच्याही बरीच वर पडली, आणि माथ्याजवळचं बर्फ कातळाला गोठून चिकटलेलं असल्यामुळे फार सावकाश हलतं. शिवाय सगळे तुकडे एकाच दिवशी एकाच वाटेने निघत नाहीत. ‘मलबार प्रिन्सेस’चे अवशेष १९७० च्या दशकातच खाली दिसू लागले होते, आणि मिळणं अजून थांबलेलं नाही. तापमान वाढलं तसा खर्चाचा भाग वर सरकला, बर्फ पातळ झालं, आणि जे आणखी काही वर्षं आत राहिलं असतं तेही लवकर उघडं पडू लागलं.

वाट अशी आहे. शामोनीच्या दरीत बोसों गावाच्या वरच्या वस्तीपासून पायवाट झाडीत शिरते आणि वळणं घेत हिमनदीच्या डाव्या काठाने चढते. १,८९५ मीटरवर पिरामिद नावाचं लाकडी घर लागतं. उन्हाळ्यात तिथे चहा-कॉफी, खायला मिळतं. शेजारी बर्फाचे सुळके आहेत आणि त्यांचा कडकडाट ऐकू येतो. तिथून झाडं संपतात. पुढे ‘मोंतान्य द ला कोत’ ही दगडी सोंड, तिच्या एका बाजूला बोसों, दुसऱ्या बाजूला ताकोना. १७८६ मध्ये बाल्मा आणि पाकार मों ब्लांच्या पहिल्या चढाईसाठी याच सोंडेने वर गेले, ७ ऑगस्टची रात्र त्यांनी इथेच काढली आणि दुसऱ्या दिवशी माथा गाठला. सोंडेच्या शेवटी ला जोंक्सियों, २,५८९ मीटर: दोन हिमनद्या जिथे एकमेकींपासून फुटतात ती जागा. एकूण चढ सुमारे १,४०० मीटर, म्हणजे बारीतून कळसूबाईला जेवढं चढावं लागतं त्याहून बराच जास्त. वरच्या टप्प्यात हात टेकून चढावे लागणारे कातळ आहेत. जायला-यायला अख्खा दिवस धरायचा, पहाटे निघायचं, आणि जुलै ते सप्टेंबर सोडून जायचं नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात वाट निसरडी होते ती सवय इथे उपयोगी पडते, पण उंचीची सवय नसेल तर चाल मुद्दाम हळू ठेवावी.

ला जोंक्सियोंच्या पुढे बर्फावर पाय टाकायचा नाही. तिथून वर ग्रां म्यूलेच्या खडकावरची ३,०५१ मीटर उंचीची झोपडी दिसते, आणि ‘एवढ्यावर आलोच आहोत’ असं मन म्हणतं. भेगांवर ताज्या बर्फाचे पूल असतात आणि ते वरून ओळखू येत नाहीत. दोर, क्रॅम्पॉन आणि वाटाड्या नसेल तर तिथूनच माघारी.

अवशेष बहुधा या वाटेवर दिसतच नाहीत. ते दिसतात खाली, हिमनदीच्या तोंडाशी आणि कडेच्या दगडांच्या ढिगांत, आणि तिथे वरून दगड-बर्फ सुटत असतं. म्हणून मुद्दाम शोधायला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही काही पायाशी आलंच तर? पत्र्याचा तुकडा असेल तर पाहावा आणि तिथेच राहू द्यावा. कागद, कपडा, बूट, दागिना किंवा हाड असेल, तर हात न लावता जागेची खूण लक्षात ठेवून शामोनीच्या डोंगरी पोलिसांना, म्हणजे पीजीएचएमला कळवावं. ही विमानं म्हणजे भंगार नाही. त्यांतल्या फार थोड्या माणसांना घरच्यांनी अग्नी किंवा माती दिली, आणि त्यांची मुलं-नातवंडं मुंबईत आणि आणखी कितीतरी गावांत आज हयात असतील.

२०१३ मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला बोसोंवर धातूची पेटी सापडली. आत पाचू, नीलम, माणिक होते आणि वेष्टनावर ‘मेड इन इंडिया’ लिहिलेलं होतं. त्याने ती तशीच पोलिसांच्या हवाली केली. मालकाच्या वारसांचा शोध घेतला गेला, कुणी मिळालं नाही, आणि २०२१ च्या अखेरीस कायद्यानुसार अर्धे खडे त्याला, अर्धे शामोनी गावाला मिळाले, प्रत्येकी सुमारे दीड लाख युरोचे. गावाने आपला वाटा तिथल्या स्फटिकांच्या संग्रहालयात ठेवला. योगायोग असा की पहिल्या अपघातावरून आंरी त्रोया या फ्रेंच कादंबरीकाराने १९५२ मध्ये जी कादंबरी लिहिली, तिच्यात पडलेल्या विमानातला माल लुटायला वर जाऊ पाहणारा एक भाऊ आणि त्याला अडवू पाहणारा दुसरा भाऊ आहे. पुढे तिच्यावर हॉलिवूडमध्ये चित्रपटही निघाला. साठ वर्षांनी प्रत्यक्षात ती पेटी ज्याच्या हाती लागली, त्याला अडवणारं शेजारी कुणी नव्हतं.

अजून न सापडलेले भाग आणि अजून न सापडलेली माणसं बर्फात पुढे सरकत आहेत. हिमनदीचं तोंड दरवर्षी मागे हटत असल्यामुळे यापुढे जे बाहेर येईल ते बहुधा आधीच्यापेक्षा वरच्या जागी येईल. तुम्ही जायच्या आधी शामोनीतल्या पर्वत कार्यालयात वाटेची आणि सुळक्यांची त्या आठवड्याची स्थिती विचारून घ्या. बोसोंच्या काठाची वाट दगड सुटल्यामुळे अधूनमधून बंद ठेवतात.

(पुढच्या आठवड्यात: मेर द ग्लासच्या काठी दरवर्षी नव्या पायऱ्या का जोडाव्या लागतात?)