एकाच सांध्याचं घर

मुंबईत रे रोडला दारुखान्याच्या गल्ल्यांत तोडलेल्या जहाजाचं काहीच वाया जात नाही. जाड प्लेट रोलिंग मिलला जाते, पातळ पत्रा वेगळा लागतो, साखळदंडांचा ढीग वेगळा, पितळी व्हॉल्व्ह वेगळे आणि केबलमधलं तांबं तर सोलून विकलं जातं. आपली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ 2014 साली याच किनाऱ्यावर ओढून आणली आणि तोडली. तिचा थोडा धातू पुढे मोटरसायकलींत गेला. पण या बाजारात एक वस्तू अशी आहे की तिचा किलोचा भाव विचारला तर माणूस हात झटकतो: फायबर. अख्खी लाईफबोट असेल तर गिऱ्हाईक मिळेल. तुटक्या लाईफबोटीचा तुकडा मात्र कुणी उचलतही नाही.

भंगाराच्या धंद्यात जो अवगुण, तोच उत्तर अमेरिकेत एका छोट्या प्रवासी घराचा मोठा गुण ठरला. कॅनडातल्या विनिपेगमध्ये 1968 साली ‘बोलर’ नावाचा मोटारीमागे ओढायचा ट्रेलर बाजारात आला. लांबी 13 फूट, वजन साडेचारशे किलोच्या आत. तो घडवणारे रे ओलेको आधी फायबरग्लासच्या सेप्टिक टाक्यांच्या कामात होते. मैल्याची टाकी गळून चालत नाही आणि जमिनीत पुरल्यावर सडून तर मुळीच चालत नाही. मग त्याच सामानाची, माणसांनी राहायची टाकी का करू नये, असा हा सरळ हिशेब. त्या काळातले कितीतरी ट्रेलर आजही रस्त्यावर आहेत. त्याच धर्तीवर 1970 च्या दशकात मिनेसोटात ‘स्कॅम्प’ आणि पुढे टेक्सासमध्ये ‘कसीटा’ निघाले. तिकडचे लोक त्यांना लाडाने ‘अंडी’ म्हणतात.

आपल्याकडे ‘फायबर’ हा शब्द फार सैल वापरला जातो. गच्चीवरची काळी टाकी फायबरची नसते, ती पॉलिथिनची असते आणि तापवली तर वितळते. खरं फायबर म्हणजे काचेचे तंतू आणि रेझिन यांची जोडी. काचतंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत अमेरिकेत 1932 साली बरीचशी अपघाताने सापडली. काचेच्या विटा जोडण्याच्या खटपटीत वितळलेल्या काचेवर दाबाच्या हवेचा झोत बसला आणि तिचे बारीक तंतू उडाले. आज अशा तंतूंचा कारखाना रे रोडपासून फार दूर नाही, तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. स्लॅबमध्ये सळई आणि सिमेंट यांचं जे नातं, तेच इथे काच आणि रेझिनचं. ताण काच घेते. तिला जागेवर धरून ठेवणं आणि भार एका तंतूवरून दुसऱ्यावर पोचवणं हे रेझिनचं काम.

हे काम एकदा जवळून बघण्यासारखं आहे. सोसायटीच्या गेटवरची वॉचमनची केबिन जिथे बनते, त्या शेडमध्येही ते दिसतं. साच्याला आधी मेण चोळतात, म्हणजे माल चिकटत नाही. त्यावर जेलकोटचा रंगीत थर देतात. बाहेरून दिसणारी चकाकी ती हीच. मग काचेची मॅट. तंतूंचे आखूड तुकडे कसेही विखुरलेली ही पांढरी सतरंजी हाताळली की अंगाला दिवसभर खाज सुटते. रेझिनमध्ये हार्डनर घालतात तो जेमतेम एक-दोन टक्के. ब्रशने रेझिन ठोकून भरलं की पांढरी मॅट बघता बघता पारदर्शक होते. काच आणि रेझिन यांचा अपवर्तनांक जवळपास सारखा, दीडच्या थोडा वर. त्यामुळे दोघांच्या सीमेवर प्रकाश वळत नाही आणि तंतू दिसेनासे होतात. जिथे पांढरा ठिपका उरला तिथे हवा अडकली आहे असं समजायचं आणि रोलर फिरवून ती बाहेर काढायची. कारागिराला अपवर्तनांकाचं नाव माहीत असो वा नसो, त्याची तपासणी चालते ती याच नियमावर.

मग रेझिन तापू लागतं. त्याच्या लांब साखळ्या आणि त्यातच मिसळलेलं स्टायरीन यांचे आडवे बंध जुळतात. सगळीकडे भरून राहणारा तो उग्र वास स्टायरीनचाच. मे महिन्यात मुंबईत ही क्रिया इतकी झपाट्याने होते की हार्डनर कमी घालावा लागतो, नाहीतर बादलीतला माल बादलीतच धुमसायला लागतो. एकदा हे बंध जुळले की संपूर्ण कवच रासायनिकदृष्ट्या जवळजवळ एकच रेणू होऊन बसतं. ते वितळत नाही, विरघळत नाही, गंजत नाही. भंगारवाला हात झटकतो त्याचं कारण हेच. पोलाद भट्टीत घातलं की नवं होतं. फायबरला परतीचा रस्ता नाही.

ताकदीच्या बाबतीत मात्र थोडं सावध बोलायला हवं. मॅटचं फायबर वजनाने पोलादाच्या साधारण एक-पंचमांश असतं, पण ताठपणात पंचवीस-तीस पट कमी. सपाट पत्रा केला तर तो लपलपतो. म्हणून या ट्रेलरचा प्रत्येक कोपरा गोल. वक्र कवचावर पडलेला भार नुसता वाकवण्यात खर्च होत नाही, तो पृष्ठभागाच्या बाजूबाजूने वाटला जातो. चार-पाच मिलिमीटरची भिंत त्यामुळे पुरते. गोलाईने वाऱ्याचा अडथळाही घटतो, हा वरचा फायदा. आणि आतलं कपाट नुसतं कपाट नसतं, ते छताला टेकू देत असतं. हौसेने आतलं फर्निचर उचकटून ‘मोकळं’ करणाऱ्यांचं छत पुढे खाली बसतं.

खरी गंमत सांध्यात आहे. साधा ट्रेलर म्हणजे लाकडी चौकट आणि तिच्यावर ठोकलेले ॲल्युमिनियमचे पत्रे. छताच्या प्रत्येक कडेला जोड, प्रत्येक जोडात सीलंट. रस्त्याच्या हादऱ्यांनी सीलंट सुटतं, पाणी आत जातं आणि आतल्या आत लाकूड कुजतं. बोलरसारख्या ट्रेलरला वरचा आणि खालचा असे दोनच अर्धे भाग असतात आणि ते कमरेच्या उंचीवर एकाच सांध्यात जोडलेले. छतावर जोडच नाही. जहाजावरची बंदिस्त नारिंगी लाईफबोटही अशीच, खाली होडी आणि वर झाकण. भाऊच्या धक्क्यावर लाकडी होड्यांच्या शेजारी फायबरच्या होड्या का वाढल्या, याचं एक कारण यातच आहे. फळ्यांच्या फटी दरवर्षी बुजवत बसण्यापेक्षा फटच नसलेली होडी परवडते.

याचा अर्थ फायबरचा ट्रेलर गळत नाही असा नाही. तो गळतो खिडक्यांच्या रबरातून, छताच्या हवेच्या झरोक्यातून आणि मुख्य म्हणजे रिबिटांतून. फर्निचर बसवायला कवचातून आरपार रिबिटं मारलेली असतात आणि प्रत्येक रिबिट म्हणजे एक भोक. फरशी तर बऱ्याच ट्रेलरमध्ये प्लायवूडचीच असते. जुना ट्रेलर बघायला गेलात तर चकचकीत बाहेरून हात फिरवू नका, आत शिरून कोपऱ्यांत टाचेने फरशी दाबून बघा. मऊ लागली तर किंमत पाडून मागा.

आता प्रत्यक्ष प्रवास. आतली जागा साठ-पासष्ट चौरस फूट. गिरणगावातली दहा बाय बाराची खोली याच्या दुप्पट भरते, म्हणजे परळ-लालबागच्या माणसाला इथली शिस्त कुणी शिकवायला नको. दिवसा टेबल, रात्री त्याचाच पलंग. एक जण उभा तर दुसऱ्याने बसायचं. अडचण जागेची नाही, वजनाची आहे.

ट्रेलरचा तोल आसाच्या किंचित पुढे हवा. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या हूकवर यायला हवा. सामान मागे कोंबलं आणि तोल आसाच्या मागे गेला, की एका ठरावीक वेगानंतर ट्रेलर डुलू लागतो आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. वेग जितका जास्त, तितकं ते शमणं कठीण. अशा वेळी जोरात ब्रेक मारणं आणि उलटसुलट स्टिअरिंग फिरवणं, दोन्ही चूक. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि चाक सरळ धरून ठेवायचं. चाळीस लिटरची पाण्याची टाकी आसाच्या मागे असेल तर ती भरल्यावर हूकवरचा भार कमी होतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. मोजायला अवघड काही नाही. संपूर्ण ट्रेलर सामानासकट, लोखंडाचे ट्रक चढतात त्या काट्यावर एकदा चढवावा. रे रोडकडे काट्यांना तोटा नाही. हूकवरच्या भारासाठी मात्र घरातला वजनकाटा विटांवर ठेवून वापरावा, कारण ट्रकच्या काट्याला दहा-वीस किलोंची फारशी किंमत नसते.

घाटात वजन दुसऱ्या वाटेने बोलतं. सामानासकट 500 किलोंचा ट्रेलर खंडाळ्याहून खोपोलीकडे साधारण 500 मीटर खाली उतरतो, तेव्हा सुमारे 25 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. आठ लिटर पाणी उकळायला तेवढी पुरेल. युरोपात 750 किलोंपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात, म्हणजे ही सगळी उष्णता गाडीच्या ब्रेकवर, तीही गाडीच्या स्वतःच्या उष्णतेच्या वर. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढायची क्षमता लिहिलेलीच नसेल तर हूक बसवणाऱ्याच्या भरवशावर राहू नये. रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं हे सगळे सांगतात. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा लवकर दुमडतो, हे सहसा कुणी सांगत नाही.

मुक्कामाला पोचल्यावर रात्री वेगळंच पदार्थविज्ञान सुरू होतं. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून अर्धा लिटरभर पाणी हवेत सोडतात. या कवचात हवा असते जेमतेम दहा घनमीटर. 25 अंशांना एक घनमीटर हवा सुमारे 23 ग्रॅम वाफ धरते, 15 अंशांना 13 ग्रॅमसुद्धा धरत नाही. डिसेंबरात महाबळेश्वरला खिडक्या घट्ट लावून झोपलात तर पहाटे काचांवर ओघळ, गादीच्या खालच्या बाजूला ओल आणि ‘ट्रेलर गळतो’ अशी तक्रार. तो गळत नसतो, तुम्ही गळत असता. फायबर स्वतः उष्णतेचा मंद वाहक आहे, पण इतक्या पातळ थराला निरोधक म्हणणं धाडसाचं. बोलरच्या आतल्या बाजूला बंद छिद्रांच्या फोमचं अस्तर लावलेलं असायचं ते त्यासाठीच. तरीही वरचा झरोका आणि खालची एक खिडकी बोटभर उघडी ठेवायला पर्याय नाही.

ती फट दुसऱ्या कारणानेही हवी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीवर साचतो. म्हणून एक झरोका फरशीच्या पातळीवर लागतो. थंडी वाजली म्हणून आत शेगडी पेटवून झोपणं तर सरळ जिवाशी खेळ. एकाच सांध्याचं घर जवळजवळ हवाबंदही असतं, आणि कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरावॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीतच घर असलेल्या मोठ्या वाहनांबरोबर ओढायचे ट्रेलरही त्यात मोजलेले आहेत. मोटार वाहन कायद्याने ट्रेलर हे स्वतंत्र वाहन, त्याची नोंदणी वेगळी. माझ्या मते आपल्याकडे अडचण कागदाची कमी आणि मैलापाण्याची जास्त आहे. ट्रेलरमधल्या शौचालयाची टाकी दोन-तीन दिवसांत भरते आणि ती रिकामी करायची सोय नसलेली जागा म्हणजे नुसतं मैदान, कॅरावॅन पार्क नव्हे.

दुसरी अडचण पावसाळ्याची. चार महिने उभ्या ट्रेलरचं तोंड किंचित वर ठेवावं म्हणजे छतावर पाणी थांबत नाही, टायरवरचा भार जॅकवर घ्यावा आणि प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नये. आत ओल कोंडते. उन्हाने जेलकोटवर खडूसारखी पूड धरते, ती पॉलिश करून मेण लावलं की जाते. कवचाला तडा गेला तर कड घासून, नवी मॅट आणि रेझिन लावून तो बुजवता येतो, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करणारे हात हे काम रोज करतात. पूर्ण निकामी झालेल्या फायबरचा प्रश्न मात्र ट्रेलरपुरता उरलेला नाही. साताऱ्याच्या पठारांवरच्या आणि धुळ्याच्या माळावरच्या पवनचक्क्यांची पाती याच सामानाची आहेत आणि त्यांतल्या जुन्यांचे दिवस भरत आले आहेत. जर्मनीत अशा पात्यांचे तुकडे सिमेंटच्या भट्टीत घालतात. रेझिन इंधन म्हणून जळतं आणि काचेची वाळू क्लिंकरमध्ये, म्हणजे दळण्याआधीच्या सिमेंटमध्ये, मिसळते. सिमेंटच्या भट्ट्या आपल्या चंद्रपुरातही आहेत.