अंजिराखाली, उंबरावर

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर या वाटेने पुण्यात येते आणि दोन मुक्कामांनंतर हडपसरवरून दिवे घाट चढून सासवडला पोचते. या वाटेच्या आरंभी, आळंदीत सिद्धेश्वराच्या देवळापाशी, सुवर्णपिंपळ उभा आहे आणि घाटमाथा ओलांडला की पुरंदर तालुक्यातील अंजिराच्या बागा लागतात. पिंपळ, वड, उंबर आणि अंजीर ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच ‘फायकस’ प्रजातीची झाडे असून या सर्वांची फुले फळाच्या आत दडलेली असतात, म्हणूनच क्वचित दृष्टीस पडणाऱ्या माणसाला मराठीत ‘उंबराचे फूल’ म्हणतात. ज्यू आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांत याच प्रजातीतील दोन झाडांना मोठे स्थान आहे : हिब्रू भाषेत ‘तेएना’ म्हटले जाणारे अंजीर आणि ‘शिक्मा’ म्हटले जाणारे, अंजिराहून मोठे होणारे व हलक्या प्रतीचे फळ देणारे झाड. ही झाडे किंवा त्यांचे जवळचे भाऊबंद ज्याला आपल्याच परिसरातून ओळखता येतात, असा वाचक मराठीला मिळाला आहे आणि या ग्रंथांतील प्रतीके समजून घेताना त्या ओळखीचा फार उपयोग होतो.

बायबलच्या मराठी भाषांतराचा आरंभ बंगालमधील श्रीरामपूरला झाला. विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली तेथे १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये ‘नवा करार’ छापला गेला. पुढे मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या पुढाकाराने १८४७ मध्ये संपूर्ण बायबल मराठीत आले, तर पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले स्वतंत्र भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये केडगावच्या मुक्तिसदनातून प्रसिद्ध झाले. प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात ‘तेएना’साठी फारसीतून मराठीत रुळलेला ‘अंजीर’ हा शब्द आहे आणि ‘शिक्मा’साठी ‘उंबर’. शिक्मा आणि आपला उंबर ही झाडे अगदी एक नव्हेत. पण फायकस प्रजातीच्या एकाच उपविभागात ती येतात आणि दोन्हींची फळे खोडाला व जाड फांद्यांना घोसांनी लगडतात. भाषांतरकारांनी निवडलेला हा शब्द शास्त्रदृष्ट्या अचूकतेच्या इतका जवळ आहे आणि मराठी मनाला इतका भिडणारा आहे, की त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे.

अंजिराचा पहिला अर्थ समृद्धीचा आणि स्वस्थतेचा आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात वचनदत्त भूमीची, म्हणजे देवाने इस्राएल लोकांना देऊ केलेल्या देशाची, जी सात पिके सांगितली आहेत, त्यांत गहू, जव, द्राक्ष, डाळिंब, जैतून आणि खजुराचा मध यांच्याबरोबर अंजीर येते. शलमोन राजाच्या काळातील शांतता सांगताना, प्रत्येक जण आपापल्या द्राक्षवेलाखाली आणि अंजिराखाली निर्धास्त राहत होता, असे वर्णन येते. तलवारींचे फाळ होतील असे भविष्य सांगणाऱ्या मीखा संदेष्ट्यानेही लगेच पुढे हेच चित्र उभे केले आहे. अंजिराचे झाड लावल्यापासून पुरते भरात यायला काही वर्षे लागतात आणि तेवढी वर्षे सैन्याच्या टापांखाली न सापडलेल्या गावातच त्याच्या सावलीला बसता येते, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रतिमेचे वजन कळते. कोकणात तेल्याचा व्यवसाय करीत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेलेल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाने हा वारसा मराठीतूनही जपला. इजिप्तमधील गुलामीतून झालेल्या सुटकेची कथा वल्हांडण सणाच्या रात्री ज्या ‘हगादा’ या पोथीतून वाचली जाते, तिची मराठी भाषांतरासह सचित्र आवृत्ती १८७४ मध्ये पुण्यातच छापली गेली होती.

समृद्धीच्या या झाडाला ‘उत्पत्ती’च्या तिसऱ्या अध्यायात मात्र लज्जेची बाजू आहे, कारण आदाम आणि हव्वा यांनी आपली नग्नता झाकण्यासाठी अंजिराचीच पाने शिवली. अंजिराचे पान खरबरीत असते आणि देठ तुटताच त्यातून अंगाला चरचरणारा पांढरा चीक निघतो. असे आच्छादन टिकाऊ नाही आणि सुखाचेही नाही, म्हणूनच की काय, त्याच अध्यायात पुढे देव त्यांना चामड्याची वस्त्रे करून देतो. निषिद्ध फळ कोणते, हे मूळ ग्रंथ सांगत नाही. ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांचा संग्रह असलेल्या तालमुदात द्राक्ष, गहू आणि अंजीर अशी तीन मते नोंदवली आहेत. अंजिराचा पक्ष घेणाऱ्या रब्बी नहेम्या यांचे म्हणणे असे, की ज्याच्यामुळे ते बिघडले त्याच्याचमुळे ते सावरले गेले. तालमुदातच अन्यत्र धर्मशास्त्राला अंजिराची उपमा दिली आहे, कारण या झाडाची फळे एकाच वेळी पिकत नाहीत आणि जो पुन:पुन्हा शोधायला येतो त्याला दर खेपेला काहीतरी सापडते.

संदेष्ट्यांच्या वाणीत अंजीर वारंवार येते : होशेयाला इस्राएल हंगामाच्या पहिल्या अंजिरासारखे दिसते, तर नहूमाला निनवेचे किल्ले हलवताच तोंडात पडणाऱ्या पिकलेल्या अंजिरांसारखे. सर्वांत धीट प्रतिमा यिर्मयाची आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेमचा राजा व प्रतिष्ठित लोक बाबेलला पकडून नेले गेल्यावर त्याला मंदिरासमोर अंजिराच्या दोन टोपल्या दिसतात, एक उत्तम फळांची आणि एक खाववणार नाहीत अशा नासक्या फळांची. आणि चांगली अंजिरे म्हणजे परक्या मुलखात गेलेले, तर नासकी म्हणजे घरी सुरक्षित राहिलेले, असा उलटा अर्थ देव त्याला सांगतो.

अंजीर औषधही आहे. हिज्कीया राजा गळवाने मरणासन्न झाला असता यशया संदेष्ट्याच्या सांगण्यावरून अंजिराचे पोटीस बांधले गेले आणि तो बरा झाला. मराठी वाचकाला येथे गुरुचरित्रातील औदुंबराचा महिमा आठवल्यावाचून राहणार नाही : हिरण्यकश्यपूच्या पोटातील विषाने दाह होणारी नृसिंहाची नखे लक्ष्मीने आणलेल्या उंबराच्या फळांत रोवल्यावर शांत झाली. या दोन कथांचा एकमेकींशी संबंध नाही. या फळांच्या मऊ, ओलसर गराचा शीतल गुण दोन दूरच्या लोकांनी आपापल्या ठिकाणी ओळखला, एवढे खरे.

‘नव्या करारा’त सर्वांत अवघड प्रसंग मार्काच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातील आहे. वल्हांडण सणाच्या सुमारास भुकेलेला येशू पानांनी भरलेल्या अंजिराकडे जातो, फळ न मिळाल्याने त्याला शाप देतो आणि दुसऱ्या दिवशी ते झाड मुळापासून वाळलेले आढळते. शिवाय तो अंजिरांचा हंगाम नव्हता, असे मार्क स्वत:च सांगतो. त्या प्रदेशात वसंतात पानांबरोबर जुन्या फांदीवर हिरव्या कच्च्या फळांची बोंडे येतात, तेव्हा पाने असून बोंडही नसलेले झाड त्या वर्षी वांझच राहणार, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ते उपयुक्त आहे, पण पुरेसे नाही. मार्काने शाप आणि वाळणे यांच्या मधोमध मंदिरातील व्यापाऱ्यांना हाकलल्याची घटना ठेवली आहे आणि कथेची किल्ली या मांडणीत आहे : बाहेरून डवरलेले आणि आत रिकामे असे जे काही मंदिरात चालले होते, त्याचे हे झाड म्हणजे रूप आहे.

लूकने शापाची ही कथा दिलेली नाही. त्याच्या तेराव्या अध्यायात तिच्या जागी एक दाखला आहे, आणि तो पुरंदरच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. तीन वर्षे फळ न देणारे अंजीर तोडून टाक, उगाच जमीन अडवते, असे मालक म्हणतो, तेव्हा माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो आणि भोवती खणून खत घालण्याचे कबूल करतो. दिवे, सोनोरी, वनपुरी या परिसरात, जेथील अंजिराला २०१६ मध्ये ‘पुरंदर अंजीर’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले, बहार धरण्याची रीत याच कामांची आहे : पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, छाटणी करायची, आळे खणून शेणखत घालायचे, मग पाणी सोडायचे आणि वाट पाहायची. खट्टा आणि मीठा असे दोन बहार येथे ओळखले जातात व उन्हाळ्यात पिकणारा मीठा बहार गोडीला सरस ठरतो. त्या गोडीमागे ताणाचे दिवस असतात. दाखल्याचा शेवट लूकने सांगितलेला नाही. झाडाला पुढच्या वर्षी फळ आले की कुऱ्हाड पडली, हे ऐकणाऱ्यावर सोडले आहे, आणि माळ्याची विनवणी हेच त्या कथेचे हृदय आहे.

उंबराची गोष्ट यापुढची. आमोस हा संदेष्टा आपली ओळख सांगताना आपण गुरे राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा राखणारा आहोत, असे म्हणतो. त्या भागातील शिक्मा झाडाचे फळ नीट पिकण्यासाठी त्याला सुरीने चीर द्यावी लागे आणि प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी आमोसाच्या कामासाठी चिरण्याचेच क्रियापद वापरले आहे. असे फळ गोरगरिबांचे अन्न होते. राजदरबाराला धारदार शब्द ऐकवणारा माणूस हे काम करून आलेला होता.

त्याच झाडावर यरीहो गावात जक्कय चढतो. तो मुख्य जकातदार, श्रीमंत, लोकांच्या तिरस्काराचा विषय आणि ठेंगणा. गर्दीतून येशू दिसेना म्हणून पुढे धावत जाऊन त्याने उंबर गाठला. नृसिंहवाडीला किंवा कृष्णाकाठच्या औदुंबर क्षेत्री गेलेल्या मराठी माणसाच्या मनात या झाडाचे चित्र ठरलेले असते : बुंध्याशी गुरूंच्या पादुका आणि त्यांच्यापुढे वाकलेला भक्त. लूकच्या कथेत हे चित्र पालटते, कारण येथे माणूस वर फांदीवर बसला आहे आणि गुरू बुंध्याशी उभा राहून मान वर करून त्याला नावाने हाक मारतो आहे. आज तुझ्या घरी माझा मुक्काम आहे, असे सांगतो आहे. जक्कय घाईने खाली उतरतो, आनंदाने त्याला घरी नेतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल करतो. झाडाचा उल्लेख पुन्हा येत नाही.