नाच बसवणाऱ्या बाई

यवतमाळ असो, पुसद असो की वणी. शाळेचं गॅदरिंग आलं, की मुलींना सिनेमातलंच गाणं हवं असतं. पडद्यावर नाचणारीचं नाव सगळ्यांना पाठ. पण तो नाच बसवला कुणी?

'तेजाब' (१९८८) मधली माधुरी दीक्षितची मोहिनी घराघरांत पोचली, ती सरोज खान यांच्या नृत्यदिग्दर्शनामुळे. लहानपणीच त्या सिनेमात आल्या, मागच्या रांगेत नाचल्या, बी. सोहनलाल यांच्या हाताखाली शिकल्या. 'गीता मेरा नाम' (१९७४) हे त्यांचं पहिलं स्वतंत्र काम. नाव व्हायला मात्र पुढची बारा-तेरा वर्षं गेली. 'तेजाब'नंतर फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार सुरू केला. पहिल्या मानकरी त्याच! पुढे तीन राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. २०२० मध्ये त्या गेल्या.

पायांइतकाच त्यांचा भर डोळ्यांवर आणि चेहऱ्यावर असे. मैत्रिणींनो, हे आपल्याही कामाचं आहे. सिनेमातलं गाणं तुकड्या-तुकड्यांनी चित्रित होतं. स्टेजवर मुलगी सलग नाचते, दमते. म्हणून अवघड स्टेप्स कमी करा, हावभाव नीट शिकवा.

आणि हो, बक्षिसं वाटताना नाच बसवणाऱ्या बाईंचं नावही माईकवरून घ्या. महिनाभर त्याही राबलेल्या असतात.