मीटरवर किती लोड हवा? गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे महिना लागला की उधना-डिंडोलीकडच्या घरांत रात्री हमखास ऐकू येतं, "परत एमसीबी पडली!" धुळ्या-जळगावहून सुरतेत येऊन स्थिरावलेल्या कित्येक घरांनी मीटर घेतला, तेव्हा दोन ट्यूब नि तीन पंखे होते. पुढे गिझर आला, एसी आला. मंजूर लोड मात्र पहिलाच राहिला.

गैरसमज : सगळ्या उपकरणांच्या वॅटची बेरीज म्हणजे घराला लागणारा लोड.

वस्तुस्थिती : एक रो-हाउस घ्या. दोन एसी 3 किलोवॅट, गिझर 2, इंडक्शन शेगडी 2, इस्त्री 1, पाण्याची मोटर अर्धा, वॉशिंग मशीन अर्धा, फ्रिज-पंखे-दिवे मिळून 1. बेरीज झाली 10 किलोवॅट. पण मे महिन्यात रात्री दोन्ही एसी चालतात, तेव्हा गिझर बंद असतो. जानेवारीत सकाळी गिझर, शेगडी आणि मोटर एकदम लागतात, तेव्हा एसी बंद. दोन्ही वेळांचा हिशेब केला तरी भार 5 किलोवॅटच्या आसपासच राहतो, म्हणजे 230 व्होल्टला सुमारे 22 अँपिअर. अर्जात उपकरणांची यादी मात्र पूर्ण आणि खरीच द्यावी.

गैरसमज : दीड टनाचा एसी पाच किलोवॅट खातो.

वस्तुस्थिती : दीड टनाचा एसी खोलीतली सुमारे 5.3 किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. त्यासाठी त्याला वीज लागते ती साधारण दीड किलोवॅट. टन हे थंडाव्याचं माप आहे, विजेचं नव्हे.

गैरसमज : एमसीबी सारखी पडते, मोठी बसवली की काम झालं.

वस्तुस्थिती : यातला सर्वांत धोकादायक समज हाच. एमसीबी उपकरणाला नव्हे, भिंतीतल्या वायरला सांभाळते. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ढोबळमानाने 15 अँपिअर सोसते. तिच्यावर 32 अँपिअरची एमसीबी लावली, तर वायर तापून इन्सुलेशन वितळेल, तरी एमसीबी गप्पच बसेल. एसी-गिझरला 4 स्क्वेअर एमएमची स्वतंत्र लाईन ओढून घ्या आणि एमसीबी त्या वायरच्या मापाची बसवा.

गैरसमज : थ्री फेज घेतलं की लाईट बिल कमी येतं.

वस्तुस्थिती : मीटर युनिट मोजतो, एक किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, फेज एक असो की तीन. गुजरातेत साधारण 6 किलोवॅटपर्यंत घराला सिंगल फेज मिळतं, त्यापुढे थ्री फेज. तेही तिन्ही फेजवर भार सारखा वाटला तरच उपयोगाचं. दोन्ही एसी आणि गिझर एकाच फेजवर जोडले, तर खर्च करूनही अडचण जिथल्या तिथे.

गैरसमज : लोड वाढवला की बिल फुगतं, म्हणून गप्प राहावं.

वस्तुस्थिती : दक्षिण गुजरात वीज कंपनीच्या (डीजीव्हीसीएल) अलीकडच्या घरगुती दरपत्रकांत स्थिर आकार 2 किलोवॅटपर्यंत महिना 15 रुपये आणि 6 किलोवॅटच्या वर 70 रुपये असा राहिला आहे. म्हणजे सर्वांत खालच्या नि वरच्या टप्प्यात फरक 55 रुपयांचा. सुरतेत जिथे टोरेंटची वीज आहे, तिथे त्यांचं दरपत्रक पाहावं. वाढीव लोडसाठी एकदाच भरायचं शुल्क आणि अनामत वेगळी.

गैरसमज : स्मार्ट मीटरने एकदा जास्त भार नोंदवला की लोड आपोआप वाढतो.

वस्तुस्थिती : केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत 2023 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, आर्थिक वर्षात किमान तीनदा मर्यादा ओलांडली तरच मंजूर लोड वाढवता येतो, आणि तोही त्या महिन्यांतल्या सर्वांत कमी नोंदीनुसार.

आता आपलं लाईट बिल हातात घ्या. त्यावर मंजूर लोड छापलेला असतो. मागच्या कोऱ्या बाजूला मे महिन्यातली रात्र आणि जानेवारीतली सकाळ, असे दोन हिशेब मांडा. मोठा आकडा छापील आकड्याहून जास्त निघाला, तर एसीच्या दुकानात जाण्याआधी वीज कंपनीत लोडवाढीचा अर्ज द्या आणि परवानाधारक वायरमनकडून घरातली वायर तपासून घ्या.